परसात चिरा लावण्यापूर्वी

पाऊस सरतो, भाताची कापणी व मळणी आटोपते आणि आपल्या गावांतील वाटांवरून चिऱ्यांचे ट्रक फिरू लागतात. बांधकामाचा हंगाम सुरू झाला याची ही खूण. नाताळच्या सुट्टीत मुंबईची आणि आखातातली मुले घरी येतात. मागच्या दारी बसून चहा घेताना कोणीतरी म्हणते, "इथे एक ऐसपैस ओटा करू या. वर पत्रे घालू. त्या कोपऱ्यात नवा संडास, आणि चारी बाजूंनी गडगा." सुट्टी थोडी असते, हातात पैसा असतो, मिस्त्रीही ओळखीचा असतो. मग आठ दिवसांत काम उभे राहते.

त्यातली पुष्कळ कामे चांगली होतात. पण काहींच्या वाट्याला नंतर पंचायतीची नोटीस येते, काहींचा शेजाऱ्याशी जन्माचा अबोला होतो, आणि काहींच्या विहिरीचे पाणी पुढच्या पावसाळ्यात बिघडते. दोष मिस्त्रीचा नसतो आणि चिऱ्याचाही नसतो. कामाचा क्रम चुकलेला असतो. म्हणून परसाचे काम काढणाऱ्या आमच्या शेतकरी बंधुभगिनींना आम्ही एकच सूत्र सांगू इच्छितो: आधी कागद, मग पाणी आणि शेवटी चिरा.

परस म्हणजे घराची उरलेली जागा नव्हे. गोव्यात त्याला पोरसूं म्हणतात, बेळगाव-खानापूरकडे परडे म्हणतात. नाव कोणतेही असो, घराचे निम्मे जीवन तेथेच चालते. विहीर तेथे, न्हाणी तेथे, भाजी तेथे, कोंबड्या व जनावरे तेथे आणि मिरच्या-कोकम वाळत घालण्याची जागाही तेथेच. पुढचा बलकांव पाहुण्यांसाठी असतो, पण कुटुंबाचे आरोग्य ठरते ते मागच्या दारी. तेव्हा एवढ्या महत्त्वाच्या जागेची आखणी मिस्त्रीच्या अंदाजावर सोडणे बरे नव्हे.

पहिली पायरी : कागद

प्रथम प्रश्न असा की, ही जमीन कागदावर कोणाची आहे? गोव्यातील वाचकांनी आपल्या सर्व्हे क्रमांकाचा नमुना एक व चौदाचा उतारा आणि सर्व्हेचा नकाशा काढून आणावा. उताऱ्यावर कब्जेदार म्हणून कोणाची नावे आहेत, कूळ म्हणून कोणाचे नाव आहे आणि इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिले आहे, हे नीट वाचावे. पुष्कळ घरी उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असते. वारस सात, त्यांतले दोन गावी, बाकीचे परगावी. वाटणी झालेली नाही. अशा वेळी एकाने परसात पक्के बांधकाम केले की उरलेल्यांना वाटते, याने जागाच बळकावली. पंचायतीकडे जाणाऱ्या तक्रारी परक्यांपेक्षा सख्ख्यांकडून अधिक येतात, हे कटू असले तरी खरे आहे. म्हणून सर्व सहमालकांची लेखी संमती आधी घ्यावी. तोंडी "कर रे, आमची हरकत नाही" हे शब्द दहा वर्षांनी कोणाच्या लक्षात राहत नाहीत. कायमचा उपाय हवा असेल तर वकिलाच्या सल्ल्याने दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी करून वाटणी नोंदवून घ्यावी.

मुंडकारांनी आणखी एक गोष्ट पाहावी. १९७५ च्या मुंडकार कायद्याने घराला संरक्षण दिले आहे, आणि घर व त्याभोवतालची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्कही दिला आहे. पण ही जागा मर्यादित आहे. भाटकाराचे सबंध भाट म्हणजे आपले परस नव्हे. ज्यांनी हा हक्क अद्याप बजावलेला नाही, त्यांनी मोठ्या बांधकामात पैसा घालण्यापूर्वी मामलेदार कचेरीत ते काम पूर्ण करावे. आपल्या नावावर नसलेल्या जागेत चिरा लावणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात भात पेरण्यासारखे आहे. त्याचप्रमाणे कोमुनिदादची पडीक जागा परसाला लागून असली, तरी ती गडग्याच्या आत घेऊ नये.

दुसरा प्रश्न : ही जमीन कोणत्या वर्गात मोडते? गोव्यात प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये वस्तीची जागा, बागायत, लागवडीची जमीन आणि संरक्षित भाग असे विभाग दाखवले आहेत. एकाच सर्व्हे क्रमांकात घर वस्तीच्या विभागात आणि परसाचा मागचा भाग बागायतीत किंवा शेतजमिनीत, असेही पुष्कळदा असते. डोळ्यांना सीमा दिसत नाही, पण नकाशावर असते. नगर व ग्राम नियोजन खात्याकडे अर्ज केल्यास विभागाचा दाखला मिळतो. जमीन वस्तीच्या विभागात असली, तरी ती महसुली दफ्तरी शेतीची असेल तर १९६८ च्या जमीन महसूल संहितेच्या ३२ व्या कलमाखाली सनद घ्यावी लागते. बागायतीत किंवा शेतजमिनीत शेतघर बांधावयाचे तर २०१० च्या बांधकाम नियमावलीत किमान ४००० चौरस मीटर जमिनीची अट घातलेली आहे. तेव्हा "माझ्याच भाटात बांधतो, कोण विचारणार?" हा विचार धोक्याचा आहे.

येथे कुळांसाठी एक विशेष सूचना. १९६४ च्या कूळ कायद्याला १९७६ साली झालेल्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा मालक होण्याचा मार्ग खुला केला. ही मोठी देणगी आहे. पण त्याबरोबर १९९१ चा जमीन वापर नियमन कायदाही ध्यानात ठेवावा. कूळ म्हणून मिळालेली जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामी वापरता येत नाही. घराच्या मागे लागून असलेला कोपरा अशा जमिनीचा असेल, तर तेथे मिरची लावावी, माड लावावा, गवत राखावे. ओटा व पडवी मात्र तेथे नको.

तिसरा प्रश्न : कोणत्या कामाला परवाना लागतो? गोवा पंचायत राज कायदा १९९४ च्या ६६ व्या कलमाप्रमाणे पंचायतीच्या लेखी परवानगीवाचून इमारत उभारता येत नाही की तिच्यात भर घालता येत नाही. व्यवहारात सांगावयाचे तर भाजीचे वाफे, फुलझाडे, सुटे मांडलेले दगड, सणाला घालून नंतर काढावयाचा माटव यांना कोणी अडवीत नाही. परंतु पक्के छप्पर, पडवी, गोठा, संडास व सेप्टिक टाकी, कुंपणाची भिंत ही बांधकामे होत. "बाजूंनी भिंत नाही, नुसते खांब आणि पत्रे आहेत" ही सबब चालत नाही. मनात शंका असेल तर पंचायतीच्या सचिवांना लेखी विचारावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्ज दिल्यापासून ३० दिवसांत पंचायतीने निर्णय कळवला नाही, तर पुढील ३० दिवसांत पंचायत खात्याच्या उपसंचालकांकडे अपील करता येते. पंचायत गप्प राहिली म्हणजे परवाना मिळाला, असा अर्थ कोणी काढू नये.

बांधकामाखेरीज आणखी तीन कामांना परवानगी लागते आणि तीच आपण बहुधा विसरतो. एक, झाड तोडणे. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली खाजगी जागेतले झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. माडाला २०१६ साली या कायद्यातून वगळले होते. लोकांनी आवाज उठवल्यावर २०१७ साली तो पुन्हा आत घेतला गेला व राज्याचा वृक्ष म्हणून घोषित झाला. तेव्हा ओट्याच्या आड येणारा माड रातोरात आडवा करू नये. दोन, डोंगर कापणे आणि सखल जागेत भराव घालणे. १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यातील १७-अ कलमाखाली यांना आधी परवानगी लागते. खाजनाच्या कडेचे परस चार ट्रक माती टाकून उंच करणे सोपे वाटते, पण त्याने पाण्याची वाट बंद होते आणि पूर शेजाऱ्याच्या घरात शिरतो. तीन, नवी विहीर किंवा बोअर. २००२ च्या भूजल नियमन कायद्याप्रमाणे त्यासाठी जलस्रोत खात्याच्या भूजल अधिकाऱ्याकडे आधी जावे. नदी, खाडी किंवा समुद्र जवळ असलेल्यांना किनारपट्टी नियमन विभागाचे निर्बंधही लागू होतात.

"आधी बांधू, मग नियमित करून घेऊ" असे सांगणारे सल्लागार गावोगावी भेटतात. अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा कायदा गोव्यात २०१६ साली झाला हे खरे. पण असे कायदे ठरावीक तारखेपूर्वीच्या जुन्या बांधकामांसाठी असतात. उद्या घालावयाच्या छपराला त्यांचा आधार नाही. पाडण्याची नोटीस आली तर बांधण्याचा खर्च जातो, पाडण्याचा वर येतो, आणि वकिलाची फी वेगळीच.

घाटापलीकडील वाचकांसाठी

खानापूर, बेळगाव या भागातील आमच्या वाचकांचा कायदा कर्नाटकाचा आहे. नावे वेगळी, मतलब तोच. गावठाणातील जागेसाठी ग्रामपंचायतीकडून ई-स्वत्तूचे नमुना ९ व ११ चे उतारे घ्यावेत, शेतजमिनीसाठी पहाणी उतारा घ्यावा, आणि घर ज्या जागेवर आहे ती यांपैकी कोणत्या उताऱ्यात येते हे आधी निश्चित करावे. १९९३ च्या कायद्याच्या ६४ व्या कलमाप्रमाणे तेथेही इमारतीला ग्रामपंचायतीचा परवाना लागतो. अर्ज पंचायत विकास अधिकाऱ्याकडे, म्हणजे पीडीओंकडे द्यावयाचा.

शेतात घर असलेल्यांना थोडी सवलत आहे. १९६४ च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याचे ९५ वे कलम शेतकऱ्याला शेतीच्या सोयीसाठी शेतघर, विहीर, टाकी बांधू देते. पण शेतघराने आपल्या धारणक्षेत्राच्या १० टक्क्यांहून जास्त जागा व्यापू नये, आणि वापर शेतीसाठीच असावा. पाहुण्यांना भाड्याने देण्याच्या खोल्या त्यात बसत नाहीत. त्यासाठी जमीन बिगरशेती करून घ्यावी लागते. झाडांसाठी तेथे १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. त्यात काही जातींना सूट आहे, म्हणून आपले झाड कोणत्या यादीत आहे हे वनखात्याच्या कचेरीत विचारूनच कुऱ्हाड उचलावी.

दुसरी पायरी : पाणी

कागद जमले की मिस्त्रीला बोलावण्याची घाई करू नये. एक पावसाळा परस नुसते पाहावे. मुसळधार पाऊस पडत असताना छत्री घेऊन मागच्या दारी उभे राहावे. पाणी कोठून येते, कोठे साचते, कोणत्या वाटेने शेजाऱ्याकडे जाते? दोन दिवसांनीही कोठे चिखल राहतो? हे कागदावर खुणा करून ठेवावे. उन्हाळ्यात काढलेल्या कोणत्याही नकाशापेक्षा ही खूण अधिक मोलाची आहे.

पाणी किती, याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. गोव्याच्या किनारी भागात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावरून मोसमात सुमारे तीन लाख लिटर पाणी खाली येते. जोराच्या सरीत तासाला ५० मिलिमीटर पडले, तर त्या एका तासात पाच हजार लिटर. परसात नवा पक्का ओटा केला की तेवढ्या जागेत मुरणारे पाणीही आता वाहू लागते. ते कोठे जाणार हे आपण ठरवले नाही, तर ते स्वतः ठरवते, आणि बहुधा आपल्याच भिंतीच्या पायाशी किंवा शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन बसते.

म्हणून नियम असा: घराभोवतीची प्रत्येक फरसबंदी घरापासून बाहेर उतरती असावी, दर चार फुटांना एक इंच उतार पुरेसा होतो. ओट्याची पातळी घराच्या जमिनीपेक्षा निदान सहा इंच खाली ठेवावी, म्हणजे ओल भिंतीत चढत नाही. पागोळीचे पाणी चरातून किंवा पन्हाळातून माडाच्या आळ्याकडे न्यावे. पहिल्या काही सरींनी छप्पर धुऊन गेल्यावर ते गाळणीतून विहिरीत सोडले तर मे महिन्यात त्याचा उपयोग कळतो.

स्वयंपाकघर व न्हाणीचे पाणी उघड्या गटारात सोडू नये. एक मीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा खणावा. तळाशी मोठे दगड, त्यावर लहान, वर विटांचे तुकडे व खडी घालावी. पाणी आत जाण्यापूर्वी लहान टाकीत तेलकट साय व उष्टे खरकटे अडवावे, नाहीतर शोषखड्डा लवकर तुंबतो. जागा असेल तर हेच पाणी केळी, अळू व कर्दळीला द्यावे. आठवडाभर साचून राहिलेल्या पाण्यात डासाची नवी पिढी तयार होते. डेंग्यूचा डास तर घाणीत नव्हे, स्वच्छ पाण्यात वाढतो; पिंपात, कुंड्यांखालच्या ताटल्यांत, नारळाच्या करवंटीत, जुन्या टायरात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी करावी आणि विहिरीत गप्पी मासे सोडावेत.

विहीर आणि संडास

या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. संडासाचा खड्डा किंवा सेप्टिक टाकीचा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून कमीत कमी १५ मीटर, म्हणजे सुमारे ५० फूट दूर असावा, आणि उताराच्या खालच्या बाजूस असावा. हा नियम साध्या मातीसाठी आहे. आपल्याकडील चिऱ्याच्या खडकात भोके व भेगा असतात, पाणी त्यांतून वेगाने पळते. तेथे शक्य तेवढे अधिक अंतर ठेवावे. ३० मीटर मिळाले तर उत्तम. खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीच्या निदान दोन मीटर वर राहिला पाहिजे. ही पातळी मे महिन्यात नव्हे, भर पावसाळ्यात मोजावी.

अनेकांचा असा समज असतो की, सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारे पाणी शुद्ध असते. तसे नाही. टाकीत गाळ खाली बसतो इतकेच. बाहेर येणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतात. ते विहिरीत पोचले की विषमज्वर, कावीळ, हगवण, कॉलरा यांचा मार्ग मोकळा होतो. पाणी दिसायला नितळच राहते, म्हणून कोणाला संशयही येत नाही.

आणि हे अंतर फक्त आपल्या विहिरीपासून मोजावयाचे नाही. गडग्यापलीकडे शेजाऱ्याची विहीर कोठे आहे, हे चढून पाहावे. आपण आपला संडास आपल्या विहिरीपासून दूर, परसाच्या टोकाला नेतो; ते टोक शेजाऱ्याच्या विहिरीपासून दहा पावलांवर असते. कायद्याचा कागद हातात असला तरी शेजाऱ्याच्या मुलांना आजारी पाडण्याचा परवाना कोणीही देऊ शकत नाही. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, हे आपण दर रविवारी ऐकतो. परसात त्याचा अर्थ मीटरपट्टीने मोजता येतो.

दोन खड्ड्यांचा संडास शेतकऱ्याला सोयीचा पडतो. एक खड्डा भरला की नळी दुसऱ्याकडे वळवावयाची. बंद ठेवलेल्या खड्ड्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत कोरडे, दुर्गंधी नसलेले खत होते. ते झाडांना घालता येते. काही घरांतून पूर्वी डुकरे सोडलेला संडास असे. तो आता इतिहासजमा होत आहे हे बरेच झाले, कारण माणसाच्या विष्ठेतून डुकराला आणि डुकराच्या मांसातून माणसाला पट्टकृमीचा फेरा चालू राहत असे. डुकरे पाळावयाची तर सिमेंटच्या तळाचे खोपटे घरापासून व विहिरीपासून दूर बांधावे.

विहिरीला ७०-७५ सेंटिमीटर उंचीचा कठडा, भोवती एक मीटर रुंदीचा पक्का ओटा आणि सांडलेले पाणी दूर नेणारी नाली असावी. पावसाळ्यात पाणी निर्जंतुक करावयाचे असेल तर हिशेब असा: हजार लिटरला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास दोन मीटर व पाणी तीन मीटर खोल असेल तर सुमारे ९४०० लिटर पाणी होते; त्याला २४ ग्रॅम पुरे. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ते रात्री विहिरीत सोडावे, आणि निदान एक तास विहीर वापरू नये.

तिसरी पायरी : चिरा

आता एक उदाहरण घेऊ. समजा घरामागे ४० फूट रुंद व ८० फूट लांब परस आहे आणि जमीन मागे उतरती आहे. विहीर घरापासून दहा फुटांवर, डाव्या बाजूस. मग संडासाचे खड्डे उजव्या हाताच्या शेवटच्या कोपऱ्याकडे घ्यावेत. तिरकस मोजले तर विहिरीपासून ६५ फुटांच्या आसपास अंतर मिळते. हे अंतर कागदावर आखले की उरलेले परस आपोआप मांडले जाते.

मागच्या दारालगत २० फूट लांब व १२ फूट रुंद ओटा पुरेसा होतो. बारा फुटांत तीन इंच उतार द्यावा. माती चोपून तीवर सहा इंच दगडगोटे, वर रेती आणि रेतीत बसवलेले चिरे. सांधे सिमेंटने बुजवले नाहीत तर पाणी थोडेफार मुरते आणि पुढे काढघाल करणेही सोपे जाते. लाकडी खांब मातीत पुरू नयेत, वाळवी लागते; चिऱ्याच्या पायावर उभे करावेत. सावलीसाठी पत्र्याऐवजी मांडव करून त्यावर दुधी, पडवळ किंवा घोसाळी चढवली तर उन्हाळ्यात पत्र्याखालची भट्टी टळते आणि भाजीही मिळते. लदीन म्हणावयास वाड्यावरची माणसे जमली तरी एवढ्या जागेत मावतात.

ओट्यापलीकडे स्वयंपाकघराच्या बाजूने शोषखड्डा, त्याच्या कडेने केळी सहा-सहा फुटांवर. मधल्या उन्हाच्या पट्ट्यात वाल, भेंडी, लाल माठ, मिरची. कढीलिंब व लिंबू वाटेच्या कडेला. माड २५ फुटांवर लावावेत आणि येण्याजाण्याची वाट त्यांच्या खालून काढू नये. आंबा, फणस घरापासून ३० फूट दूर. शेवग्याची फांदी वाऱ्याने मोडते, म्हणून तो छपरापाशी नको. विहिरीच्या चिऱ्यांत उगवलेला पिंपळ किंवा वड बोटभर असतानाच उपटावा. मनगटाएवढा झाला की तो विहीरच घेऊन जातो.

लाकडाचा ढीग, उरलेले चिरे, नारळाच्या सोडणांची रास घराच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. तेथे उंदीर येतात, उंदरांमागे घोणस, नाग, मण्यार येतात. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोचा ताप होतो. भिंतीपासून दूर, जमिनीपासून हातभर उंच मचाणावर लाकडे रचावी. संडासाच्या वाटेवर दिवा असावा आणि रात्री पायांत वहाणा असाव्यात.

शेजाऱ्याशी बोलणे

गडगा घालण्यापूर्वी सर्व्हेचा नकाशा घेऊन शेजाऱ्याला बोलवावे आणि दोघांनी मिळून सीमा पाहावी. वाद असेल तर भूमापन खात्याकडून मोजणी करून घ्यावी. मोजणीची फी कोर्टाच्या एका तारखेपेक्षा स्वस्त पडते. परसातून शेताकडे किंवा विहिरीकडे जाणारी जुनी पायवाट असेल तर ती अडवू नये. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वाटेला कायद्यात हक्क असू शकतो, आणि कायद्यात नसला तरी गावाच्या मनात असतो. गडग्यात पावसाच्या पाण्याला भोके ठेवावीत, कारण भिंत माणसाला अडवते, पाण्याला नाही. अडलेले पाणी भिंतच पाडते.

कामाचा क्रम

हे सारे एका सुट्टीत होणार नाही आणि होण्याची गरजही नाही. जून ते सप्टेंबर पाणी पाहावे. ऑक्टोबरात उतारे, नकाशा व विभागाचा दाखला काढावा. नाताळला सगळे घरी जमले की सहमालकांच्या संमतीवर सह्या घ्याव्यात, शेजाऱ्याशी बोलावे आणि आखणी कागदावर उतरवावी. सुट्टीचा तेवढा उपयोग पुष्कळ झाला. जानेवारीत पंचायतीत अर्ज द्यावा व पोच जपून ठेवावी. परवाना हाती आला की आधी शोषखड्डा व संडास, मग ओटा, आणि शेवटी गडगा. मे अखेरपर्यंत खोदकाम बंद करावे. झाडे पहिल्या पावसानंतर लावावीत.

परवाना, मंजूर नकाशा, संमतिपत्र व फीच्या पावत्या एका जाड पाकिटात घालून घराच्या कागदांबरोबर ठेवाव्यात. शोषखड्डा व टाकी कोठे आहे याचा साधा नकाशाही त्यात असावा. वीस वर्षांनी परस खणताना आपल्या मुलांना तो उपयोगी पडेल.